नालबंदाच्या आईची खोली

भाडेकरू कसा निवडावा, असं मला अजून लोक विचारतात. गल्लीत कुणी पुढची खोली भाड्यानं द्यायला काढली की आधी माझ्याकडं येतं. माणसं किती ते बघू की धंदा कोणता ते बघू? पावसाळ्याआधी धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पांढरी माती कुणी टाकायची, मालकानं की राहणाऱ्यानं? भिंतीत खुंटी ठोकू द्यावी का? पाहुणा आला आणि महिनाभर हललाच नाही तर काय करायचं? मी सगळ्यांना उत्तरं देते. उत्तर द्यायला मी कधी मागं सरले नाही. आमचे मास्तर म्हणायचे, हिच्याकडं प्रश्नाच्या आधी उत्तर तयार असतं. ते कौतुक नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

पहिला भाडेकरू ठेवला तेव्हा माझं वय तेवीस-चोवीस. इंग्रजांचं राज्य होतं आणि आमचा सगळा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. मास्तर, म्हणजे माझे यजमान, रनाळ्याच्या शाळेत शिकवत होते. सासरे गेले, मास्तरांची बदली सारंगखेड्याला झाली आणि चैत्रात आम्ही सासऱ्यांच्या घरात राहायला आलो. घर धाब्याचं. रस्त्याकडं तोंड करून एक खोली आणि तिच्यापुढं ओटा. मागं आमच्या दोन खोल्या. बाजूला लांबलचक अंगण आणि त्याच्या टोकाला गोठा. सासऱ्यांच्या वेळी गोठ्यात बैल होते, आम्ही आलो तेव्हा एक गाय उरली होती.

रस्त्यावरच्या खोलीला कुलूप. उघडली तर कोपऱ्यात वाळवीनं हे एवढं वारूळ केलेलं. मी मास्तरांना म्हटलं, रिकाम्या खोलीचं भाडं वाळवी खाते, आपण माणूस ठेवू. मास्तर म्हणाले, "ठेव, पण..." आणि शाळेची वेळ झाली म्हणून टोपी घालून निघून गेले. ही त्यांची जन्माची खोड. अर्धं वाक्य घरी ठेवायचं आणि अर्धं शाळेत घेऊन जायचं. मीही उरलेलं अर्धं कधी मागितलं नाही. मला तेव्हा घरमालकीण म्हणजे अर्धी मामलेदारीण वाटत होती.

बघायला तीन बिऱ्हाडं आली. शहाद्याच्या एका कापसाच्या जिनातला कारकून आला, त्यानं विहिरीचं पाणी गोड आहे का हे तीनदा विचारलं. ज्याला एका उत्तरानं भागत नाही तो वर्षभर डोकं खाणार, म्हणून त्याला वाटेला लावलं. मग एक वैद्य आला. भाड्याऐवजी घरभर औषध फुकट, असं म्हणाला. आमच्या घरात कुणी आजारी नाही आणि मला कुणाला पाडायचं नाही, असं सांगून त्याचीही बोळवण केली. तिसरा आला तो नालबंद.

बैलांच्या आणि घोड्यांच्या खुरांना नाल ठोकायचं काम त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मूळचे नंदुरबारचे मुसलमान. घरात तो, त्याची बायको आणि आई. भावाभावांच्या वाटणीत घर हातचं गेलं आणि मग सहा वर्षांत चार भाड्याच्या खोल्या झाल्या. लोकांना आपला बैल नाल ठोकून हवा असतो, पण शेजारी ठोकठोक नको असते. त्याची आई आंधळी होती. लेकाच्या सदऱ्याचं टोक धरून ती ओट्यावर चढली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. ठेंगणी, काटकुळी, डोक्यावरून ओढणी घेतलेली. पुढं चार वर्षं ती आमच्याकडं होती, पण मला ती नेहमी तशीच आठवते, भिंतीला पंजा टेकवून, मान जरा तिरकी करून ऐकणारी.

समोरच्या काकू लगेच रस्ता ओलांडून आल्या. "मास्तरीनबाई, मुसलमानना बिऱ्हाड ठेवी ऱ्हायनी का?"

मी म्हटलं, "काकू, तुम्हना बैलना पाय त्याना हातमा चालतस ना? मंग त्याना पाय आम्हना घरमा का बरं नही चालाव?"

काकू परत गेल्या. आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी बैलाचा नाल निखळला तेव्हा त्यांनीच आधी हाक मारली.

खोलीचं सगळं ठरल्यावर नालबंदाची आई मला म्हणाली, "व बाई, आते परत खोली बदलनी पडी का?"

हा प्रश्न तिनं ज्या आवाजात विचारला त्यानं माझं काळीज हललं. मी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "नही. तुम्हीन सोडतस नही तवलगून हाई खोली तुम्हनीच शे." कागद नाही, साक्षीदार नाही. पण मी शब्द दिला म्हणजे दिला.

मग मी अंगणातून तिला बघायची. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यात बसून होती. दुसऱ्या दिवशी भिंत चाचपत निघाली. पुटपुटत पावलं मोजायची. दोनदा उंबऱ्याला ठेचकाळली, एकदा कपाळ आपटलं. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर बाई उठल्या, सरळ माठापाशी गेल्या, पाणी काढून प्यायल्या आणि ओट्यावर येऊन बसल्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. या बाईला पुन्हा हे कष्ट पडू द्यायचे नाहीत, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

इथं एका खुंट्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यानंच केला. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात अंगण झाडताना गोठ्याजवळ एका खुंट्याला माझ्या अंगठ्याची ठेच लागली. बाभळीचा, मनगटाएवढा जाड, जमिनीत खोल ठोकलेला. नख निघालं. मी चिडून पहार आणली, तो उपटला आणि आंघोळीच्या पाण्याखाली जाळला. पाणी झकास तापलं. संध्याकाळी मास्तर खड्ड्याकडं बघत राहिले. "अगं, तो खुंटा..." एवढं म्हणाले आणि पाय धुवायला गेले. पुढं ज्येष्ठात मी दोन दिवस शहाद्याला माहेरी जाऊन आले तर त्याच जागी नवा कोरा खुंटा. बैल बांधायला नालबंदानंच ठोकला असणार, असं मी धरून चालले. मालकाला न विचारता खुंटा ठोकतोस म्हणजे काय, म्हणून त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो बिचारा खाली मान घालून "जी" म्हणाला. त्यानं तो ठोकला नव्हता, हे सांगायची त्याची छाती झाली नाही.

सारंगखेड्याला मार्गशीर्षात दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. लांबलांबचे सौदागर घोडे घेऊन येतात. तेव्हा पूल नव्हता, तापीच्या उतारातून घोडे पाण्यात घालून आणायचे. त्या पंधरा दिवसांत रस्त्यावरची प्रत्येक खोली आणि प्रत्येक अंगण सौदागरांना भाड्यानं जायचं. आणि त्याची एक जुनी रीत होती. यात्रा उठली की सौदागर आपला एक खुंटा मालकाच्या अंगणात ठोकलेलाच ठेवून जायचा. खुंटा उभा आहे तोवर पुढच्या सालची जागा त्याची. मालक दुसऱ्याला देणार नाही, तोही दुसऱ्याकडं उतरणार नाही. मालकाला नको असेल तर त्यानं खुंटा उपटून टाकायचा, बस्स. सौदागर येऊन बघायचा, घोडे वळवायचा आणि राम राम करून पुढं जायचा. भांडण नाही, वाईटपणा नाही.

मी शहाद्याची. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. यात्रा बघितली होती, ती पाळण्यांपुरती आणि बांगड्यांपुरती.

यात्रेच्या चार दिवस आधी दुपारी अंगणात अकरा घोडे शिरले. पुढं पांढऱ्या मिशांचा, लाल पागोट्याचा काठेवाडी सौदागर. तो कुणाशी न बोलता थेट गोठ्याकडं गेला, खुंट्याला पायानं हलवून बघितलं आणि मोठ्यानं हसला. "मास्तर, बापुजी गया, पण खूंटो कायम छे!" असं म्हणून त्यानं घोडे बांधायला सुरुवात केली. त्याची माणसं खोगिरांचं ओझं घेऊन रस्त्यावरच्या खोलीकडं निघाली.

मी मास्तरांकडं बघितलं. मास्तर जमिनीकडं बघत होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी माहेरी गेले होते तेव्हा यांनीच सुताराकडून खुंटा करून घेऊन जुन्या खड्ड्यात ठोकला होता. खुंटा जागेवर गेला म्हणजे वडलांचा शब्द जागेवर आला, असा त्यांचा हिशेब. बायकोनं ती खोली बारा महिन्यांसाठी दुसऱ्याला दिली आहे, हे त्यांना दिसत होतं. पण ते सांगायचं अर्धं वाक्य शाळेतच राहिलं होतं.

सौदागराला पाणी देऊन मी यांना चुलीपाशी बोलावलं.

"तुम्हीन मले सांगं का बरं नही?"

"सांगनार व्हतू."

"कधय? घोडा दारमा उना मंग?"

"मन्हा बापना शबद शे तो."

"आनि मन्हा शबद काय पालापाचोया शे?"

मास्तर गरीब स्वभावाचे, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला. वीस वर्षं तो माणूस आमच्या अंगणात उतरत होता. सासऱ्यांच्या आजारपणात त्यानं गुजरातेतून औषध पाठवलं होतं. त्याला आता कुठं जा म्हणायचं? यात्रेच्या तोंडावर गावात बोटभर जागा शिल्लक नव्हती. मला ते पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच मी जास्त ओरडत होते. खोली एक आणि ती देणारे आम्ही दोघं, एकमेकांना न विचारता.

आमच्या घराच्या भिंती मातीच्या, आणि माझा आवाज तापीपल्याड जाणारा. नालबंदानं सगळं ऐकलं. तो दारात आला आणि म्हणाला, "बाई, मालकना शबद खाली पडाले नको. पंधरा रोजनीच तं गोट शे. आम्ही गोठामा ऱ्हातस." आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं अंथरुणांची वळकटी खांद्यावर टाकली, दुसऱ्या हातानं आईला धरलं आणि अंगणातून निघाला.

ते चालणं मी विसरले नाही. जी बाई खोलीत माझ्यासारखी चालायची ती तव्यावर पाय ठेवावा तसं पाऊल टाकत होती. बादलीला अडखळली. घोडा फुरफुरला तशी थबकली आणि मान तिरकी करून उभी राहिली. ती घाबरली, असं मला वाटलं. मला ते बघवेना.

"मांगे फिरा!" मी ओरडले. "आपली खोलीमा जा. कोनी हालनार नही."

आणि तिथल्या तिथं सगळ्यांचा निकाल लावून टाकला. सौदागराला सांगितलं की यंदापासून तुम्हाला माजघरासकट आमच्या आतल्या दोन्ही खोल्या, त्या जास्त उबदार आहेत. तो खूश झाला. नालबंद आपल्या खोलीत.

मास्तरांनी हळूच विचारलं, "आनि आपुन?"

"गोठामा."

मास्तरांनी एकदा गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "चाली." लग्नानंतर त्यांनी पूर्ण केलेलं ते पहिलं वाक्य असेल. आणि हसले. मला तेव्हा त्या माणसाचा इतका लोभ वाटला की भांडण कशावरून होतं तेच विसरले.

गोठ्यात आम्ही गायीच्या बाजूला गोणपाटाचा पडदा लावला. तीन दगडांची चूल मांडली. मास्तर गायीकडं पाठ करून पोरांच्या वह्या तपासायचे आणि गाय मधूनमधून त्यांची टोपी हुंगायची. गावाला आयताच विषय मिळाला. काकूंनी तर ओट्यावर उभं राहून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "घोडावाला माजघरमा, भाडेकरू खोलीमा आनि मालक गोठामा. कलियुग शे बाप्पा!" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर मला स्वतःचंच फार कौतुक वाटत होतं. सासऱ्यांचा शब्द राहिला, माझा शब्द राहिला आणि एका आंधळ्या बाईचं चालणं राहिलं. भाकरी थापतानाही मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. मास्तर शाळेत, सौदागर आणि नालबंद दोघंही बाजारात. नालबंदाची बायको त्याची भाकरी घेऊन तिकडंच गेलेली. मी वांग्याची भाजी फोडणीला टाकत होते, तर गोणपाट हललं. नालबंदाची आई एकटी आत आली. एक हात भिंतीला, दुसरा पुढं. कपाळावर घाम.

मी धावले. "माय, तुम्हीन कसाले उन्यात? पडतात ना!"

"कोनी सांगं तुले?" ती म्हणाली. आवाज बारीक, पण धार अशी की मी जागेवर थांबले. "तुन्हं घर सोडीसन गोठामा ऱ्हायाले कोनी सांगं?"

"तुम्हना करता, माय. तुम्हले परत हालनं पडाले नको म्हनीसन."

"मले कोनी इचारं? पोऱ्यानी इचारं नही, मास्तरनी इचारं नही, तू बी इचारं नही. मी आंधयी शे व माय, मुकी नही."

मी पळी ठेवली आणि तिचा हात धरून आमच्या खाटेला लावून दिला.

ती खाटेवर बसली. जरा वेळानं आवाज निवळला. म्हणाली, परवा लेकानं मला इकडं आणलं तेव्हा घोडा फुरफुरला ना, मला वाटलं, चला, पंधरा दिवस घोड्यांजवळ काढू. तिचा नवरा नालबंद होता. तो खूर हातात घ्यायचा आणि ही घोड्याचं तोंड धरून त्याच्याशी बोलत उभी राहायची. तीस वर्षं तेच काम केलं. नवरा गेला, डोळे गेले, आणि नंदुरबारच्या खोल्यांत घोडा काही दारात येईना. इथं आठ महिन्यांनी घोडा आला आणि दहा पावलांवरून मी तिला "मांगे फिरा" म्हणून परत पाठवली होती.

मी तिला हात धरून बाहेर नेलं. अंगणात बांधलेल्या तांबूस कुमेत घोडीच्या मानेवर तिचा हात ठेवला. ती घोडीच्या कानात काहीतरी बोलली, पायांवरून हात फिरवला आणि छातीठोकपणे सांगितलं की मागचा उजवा नाल हिला बोचतो. संध्याकाळी लेकानं बघितलं तर नाल उत्तम होता आणि घोडी ठणठणीत. तरी सौदागर गंभीरपणे म्हणाला, "हां माजी, साचुं छे." त्यानं नालबंदाकडून एक खिळा काढून पुन्हा ठोकवून घेतला.

पण ते संध्याकाळचं. दुपारी आम्ही गोठ्यात परत आलो तेव्हा ती म्हणाली, "यात्रा सरनी का हाऊ गोठा मले भाड्यानी दे."

मी म्हटलं, गोठा माणसांसाठी नसतो. घोडे तर यात्रेबरोबर जातील, मग इथं काय राहील? एक म्हातारी गाय. आणि तुमची खोली चांगली आहे, तिथली पावलं तुम्ही किती कष्टानं मोजलीत, मी बघितलंय.

ती हसली. "भिंती तं मी चार रोजमा शिकी लेस व माय. मानसं शिकाले साल लागस. खोली बदली का मानसं जातस, म्हनीसन मी इचारं व्हतं तुले." मग म्हणाली, "तठे सकायपासून सांजलगून मी एखली. पोऱ्या बैलसना मांगे, बहू मजुरीले. आठे गाय तं शे. ती श्वास लेस, मले आयकू येस."

मी वीस पावलांवर राहत होते. आठ महिन्यांत तिच्या दारात किती वेळा गेले असेन. भिंतीचा पोपडा निघालाय का बघायला गेले होते, धुरानं आढं काळं होतंय म्हणून बोलायला गेले होते, खुंट्यावरून तिच्या लेकाला फैलावर घ्यायला गेले होते. घटकाभर बसायला एकदाही गेले नव्हते. मी तिची खोली सांभाळत होते.

यात्रा उठल्यावर आम्ही घरात परतलो आणि ती गोठ्यात राहायला आली, ती शेवटपर्यंत तिथंच राहिली. तिला खाट, कोनाडा, दार, सगळं करून दिलं, ते पुढचं. त्या दुपारी मी भाजी उतरवून ठेवली आणि तिच्या शेजारी खाटेवर बसले. मला रडू येत होतं, आणि तिला दिसत नाही म्हणून मी ते पुसतही नव्हते. मग तिनं माझा गुडघा चाचपला आणि हलकेच चापट मारली.

"बोल ना काही. इतली तं बोलस सगयासंगे."